सीडर लाकडाच्या बाकाबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. बाक वर्षभरात राखाडी पडला, चकचकीत पारदर्शक व्हार्निश मागितलं असताना आम्ही ‘नुसतं तेल पुसून’ पैसे वाचवले, आणि आता तुम्ही स्वतः मारलेलं व्हार्निशही सोलून निघतंय, अशी तुमची तक्रार आहे. फोटो टाकलेत ते बरं केलंत.

राखाडी पडणं म्हणजे कुजणं नव्हे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाच्या पृष्ठभागावरचं लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य) तुटतं, पावसात धुऊन जातं. आतलं लाकूड शाबूत असतं; सीडरच्या गाभ्यात कुजण्याला विरोध करणारी द्रव्यं मुळातच असतात. पहिल्या फोटोत बैठक आणि हात टेकायच्या फळ्या करड्या झाल्यात, पाठ मात्र अजून तांबूस आहे. आडव्या भागाला ऊनपाणी जास्त लागतं, त्यात तुम्ही स्टेनची, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगीत तेलाची, सगळ्यात फिकी छटा निवडली होती. गडद छटा जास्त टिकते, कारण ऊन अडवतं ते त्यातलं रंगद्रव्य.

पारदर्शक व्हार्निशला आम्ही तेव्हा नको म्हटलं, आजही नकोच म्हणू. त्यातून ऊन आरपार जातं, खालचं लाकूड झिजतं आणि थराची पकड सुटते. मग बारीक चिरांतून पाणी शिरतं नि पापुद्रे निघतात. तुम्ही ते आधीच करड्या झालेल्या लाकडावर न घासता मारलंत, तिथे पकड बसणारच नव्हती. अतिनील किरण शोषणारं बोटींचं व्हार्निश चांगलं असतं, पण त्याचे बरेच हात मारावे लागतात आणि वेळच्या वेळी घासून पुन्हा लावावं लागतं. छपराखाली ठीक, उघड्यावर इतकी उस्तवार फार कमी जण करतात. लाकडात मुरणारा स्टेन फिका पडतो, सोलत नाही. धुऊन, वाळवून वर एक हात मारला की झालं.

पायाजवळचे काळे डाग मात्र वेगळे. नंतर ठोकलेल्या साध्या लोखंडी खिळ्यांमुळे ते आलेत. सीडरमधलं टॅनिन (लाकडातलं नैसर्गिक तुरट द्रव्य) ओल्या लोखंडाशी मिळून काळं पडतं. आमचे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच आहेत. खिळे काढा, डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतील, हातमोजे घाला.

व्हार्निश पूर्ण उतरवल्याशिवाय स्टेन मुरणार नाही. ८० नंबरच्या पेपरने घासा, पायांच्या कापलेल्या टोकांना स्टेन भरपूर पाजा, पाणी तिथूनच सर्वाधिक चढतं. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून बाहेर वाळवा. एवढं जमणार नसेल तर बाक आमच्याकडे पाठवा. घासायची मजुरी पडेल, स्टेन आमच्यातर्फे. छटा या वेळी गडद घ्या.