पैसे १५ला सुटले, उपोषण १८ला

भाचीला ३० जानेवारीसाठी तीन मिनिटांचं भाषण करायचं आहे. काल तिने पाठ केलेलं म्हणून दाखवलं: "गांधींनी पाकिस्तानला ५५ कोटींची खैरात देण्यासाठी उपोषण केलं, सरकार झुकलं, म्हणून नथुरामने गांधीवध केला." कुठून उचललंस, तर घरच्याच ग्रुपवरून. दर जानेवारीत येणारा हा मेसेज मी आजवर न वाचताच सोडून द्यायचे. नववीतल्या पोरीच्या तोंडून ऐकल्यावर मात्र राहवलं नाही.

खैरात? फाळणीच्या वाटणीत रोख शिलकीतले ७५ कोटी पाकिस्तानच्या वाट्याला आले. २० कोटी आधीच दिले होते, उरले ५५. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांनी हा हिशेब मान्य केला. काश्मीरचा प्रश्न सुटेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, ही पटेलांची भूमिका. तिच्यामागे कारण होतं, नाही कोण म्हणतंय? पण भावाशी भांडण आहे म्हणून त्याच्या वाट्याचे पैसे अडवले, तर ते काही आपले होत नाहीत.

आता उपोषण. १२ जानेवारी १९४८च्या प्रार्थनासभेत गांधींनी ते जाहीर केलं. त्या भाषणात ५५ कोटींचं नावही नाही. १३ला उपोषण सुरू झालं. १५ला सरकारने पैसे द्यायचं जाहीर केलं. पैशांसाठीच बसले होते, तर त्या रात्रीच उठायला हवं होतं ना? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आणखी तीन दिवस उपाशी कशाला राहिला? उपोषण सुटलं १८ला, दिल्लीतल्या सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी सात अटींवर सह्या केल्यावर. मेहरौलीच्या दर्ग्याचा उरूस नेहमीसारखा भरू द्यायचा, बळकावलेल्या मशिदी परत करायच्या, मुसलमानांना शहरात आणि रेल्वेत निर्धास्त फिरता यायला हवं, अशा त्या अटी. त्यांत पैशाची एकही नाही.

आणि "सरकार झुकलं म्हणून" हे तर तारखांतच बसत नाही. गांधीहत्येच्या लाल किल्ल्यातल्या खटल्याच्या निकालपत्रात नोंद आहे: नथुरामने आपल्या दोन विमा पॉलिसींवर वारस म्हणून १३ जानेवारीला कटातला साथीदार नारायण आपटेच्या पत्नीचं आणि १४ला धाकट्या भावाच्या, गोपाळच्या पत्नीचं नाव लावलं. एक पॉलिसी दोन हजारांची, दुसरी तीन हजारांची. सरकारचा निर्णय १५चा. पैसे सुटायच्या आधीच हा माणूस मागच्यांची सोय लावून मोकळा झाला होता.

त्याच्याही मागे जा. २५ जून १९३४, पुणे. अस्पृश्यतेविरुद्धच्या हरिजन यात्रेवर असलेल्या गांधींच्या सत्कारासाठी लोक जमले होते, तिथे एका मोटारीवर बॉम्ब पडला. गांधी त्या मोटारीत नव्हते म्हणून वाचले. तेव्हा कुठलं पाकिस्तान आणि कुठले ५५ कोटी? वेगळ्या मुस्लिम राज्यांची मागणी करणारा मुस्लिम लीगचा लाहोर ठरावसुद्धा १९४०चा.

पैसे द्यावेत असं गांधींचं मत होतं, हे खरंच. माउंटबॅटननी विषय काढला होता, गांधींनाही ते पटलं होतं, आणि उपोषण चालू असताना मंत्रिमंडळावर दबाव आलाच. एवढं मेसेजवाल्यांना देऊन टाकते.

मेसेजमध्ये पुढे आहे, पाकिस्तानचे दोन तुकडे जोडणारा, भारतातून जाणारा लाहोर ते ढाका पट्टा गांधी देणार होते म्हणे! तो १९४७च्या मे महिन्यात मागितला होता जिनांनी, आणि काँग्रेसने तेव्हाच उडवून लावला. पुढे.

"हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली, ते कुणी सांगत नाही." जाळली, आणि ते सांगायलाच हवं. पण खुनानंतरच्या जाळपोळीने खुनाचं कारण कसं काय बदलतं?

"वध" या शब्दावर मी बोलत नाही. रक्तदाब वाढतो.

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तीन मिनिटांत एवढ्या तारखा कुठे बसवू?" म्हटलं, दोनच ठेव. १५ आणि १८.