जॉर्ज डिलबॉय : ढकलपत्रातला आणि खरा

‘ग्रीसमधून अमेरिकेत आलेला एक गरीब पोरगा सक्तीच्या भरतीत सापडला. आयुष्यात बंदूक धरली नव्हती, तरी पठ्ठ्याने एकट्याने जर्मनांची मशीनगन काबीज केली आणि तिथेच प्राण सोडला. तेव्हापासून तो आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत आहे.’ पहिल्या महायुद्धातल्या जॉर्ज डिलबॉयची ही गोष्ट अशीच फिरत असते. तो शूर होता, यात वादच नाही. बाकी तपशिलांची मात्र पार वाट लागली आहे.

पहिलं म्हणजे, तो वंशाने ग्रीक, पण जन्म १८९६ चा, अलात्साता गावचा. स्मिर्नाजवळचं हे गाव तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं, आज तुर्कस्तानात आहे.

‘बंदूक धरली नव्हती’ हे तर धादांत खोटं. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत तो अमेरिकेतून परत जाऊन ग्रीक सैन्याकडून लढला, तेव्हा मिसरूडही धड फुटलं नसेल. मग १९१६-१७ मध्ये अमेरिकी सैन्यातून मेक्सिकोच्या सीमेवर. तिथून सुटून थोड्याच महिन्यांत पुन्हा स्वतःहून भरती, २६व्या डिव्हिजनच्या १०३व्या इन्फन्ट्रीत. सक्ती कसली आणि कुणाची?

आता मशीनगन. १८ जुलै १९१८, फ्रान्समधलं बेलो गाव. रेल्वेचा भराव ताब्यात आल्यावर पुढची जमीन पाहायला डिलबॉय आपल्या प्लाटून कमांडरबरोबर निघाला. शंभर यार्डांवरून मशीनगन सुरू झाली. आडोसा सोडा, हा रुळांवर उभा राहून गोळ्या झाडू लागला. गन थांबेना, तेव्हा संगीन लावून गव्हाच्या शेतातून सरळ तिच्या रोखाने धावला. पंचवीस यार्ड उरले असताना कोसळला. उजवा पाय गुडघ्याच्या वर जवळजवळ तुटलेला, अंगात गोळ्या. पडल्या पडल्या त्याने गोळीबार चालूच ठेवला, दोघांना मारलं आणि उरलेल्यांना पळवून लावलं. मरणोत्तर मिळालेल्या मेडल ऑफ ऑनरच्या, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च लष्करी शौर्यपदकाच्या मानपत्रात एवढंच आहे. तो गनपर्यंत पोहोचलाच नव्हता. ‘काबीज केली’ म्हणणाऱ्याला हे कमी वाटलं असावं, मला तर जास्त वाटतं.

शेवटचा मुद्दा दफनाचा, आणि इथे खरी हकीकत भलतीच निघते. वडिलांच्या इच्छेवरून त्याचे अवशेष फ्रान्समधून जन्मगावी नेले होते. १९२२ मध्ये ग्रीस-तुर्कस्तान युद्धात ग्रीक सैन्य हरून मागे हटलं, तुर्की सैनिक गावात आले आणि त्यांनी थडग्याची विटंबना केली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग संतापले. त्यांनी ‘लिचफील्ड’ ही युद्धनौका पाठवली. अवशेष परत मिळवून अमेरिकेत आणले गेले आणि १२ नोव्हेंबर १९२३ रोजी आर्लिंग्टनमध्ये त्याचं पुन्हा दफन झालं. म्हणजे मृत्यूनंतर पाच वर्षं उलटून गेल्यावर.