जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचविषयी काही अनमोल सूचना

जुना ट्रॅक्टर विकणारा गृहस्थ ‘क्लच नवाच टाकलाय’ असे म्हणाला, की त्याच्यापाशी बिल मागू नये, कारण तसे करणे हा एका सज्जन माणसाचा धडधडीत अपमान ठरतो.

भरलेली ट्रॉली चढाला लागताच इंजिन नुसतेच बोंबलू लागले, चाके जागची हलेनात आणि जळका वास नाकात शिरला, तरी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढे मोकळे दबते ते अंतर, मोजण्याचा क्षुद्रपणा करू नये. बहुतेक ट्रॅक्टरांत तो साधारण 20 ते 30 मिलिमीटर ठेवायचा असतो आणि क्लचची प्लेट झिजेल तसा कमी होत जातो, हे माहितीपुस्तकात छापलेले असते. पण ते पुस्तक पहिल्या मालकाच्या माळ्यावर असते.

गिअर करकरत असेल, तर आणखी जोर लावावा.

मिस्त्रीने ट्रॅक्टरकडे नुसते पाहून ‘प्लेट गेली’ असे निदान केले, की कृतज्ञतेने मान डोलवावी. क्लच हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, तळाशी एक छोटे भोक असते, तिकडे त्याचे लक्ष मुळीच वेधू नये. आमच्या ट्रॅक्टरच्या त्या भोकातून काळे तेल ठिबकत होते आणि खालच्या मातीवर रुपयाएवढा डाग पडला होता. काळे, पातळ तेल म्हणजे क्रँकशाफ्टचे, इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील गळते आहे. दाट, उग्र वासाचे असेल, तर ते गिअरबॉक्सकडून येते आहे. एवढे ओळखायला बोट लावून पाहणे पुरते. ते बोट कोणी लावले नाही. ट्रॅक्टर मधोमध खोलला, इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे झाला, सील डोळ्यांसमोर उघडे पडले, तरी नवी प्लेट त्याच गळक्या सीलपुढे बसवली आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे, खरखरणारे रिलीज बेअरिंगही तेच ठेवले! तेल पिऊन ती प्लेटही घसरू लागली, ट्रॅक्टर पुन्हा खोलावा लागला, आणि तेवढ्यात पेरणीचा वापसा निघून गेला.

मिस्त्रीसाहेब, ‘माल डुप्लिकेट निघाला’ हे कारण आता पुरे झाले. सीलची किंमत प्लेटच्या मानाने किरकोळ असते आणि मजुरी दोन्ही वेळा पूर्ण घेतली जाते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेल कुठून येते ते आधी पाहा, ट्रॅक्टर खोललाच आहे तर सील आणि बेअरिंग मालकाला दाखवून बदला, काढलेली प्लेट त्याच्या हातात द्या आणि मगच मजुरी सांगा.