पगार घ्याच!

म्हापशाला एक फ्लॅट, पर्वरीला दोन, फोंड्यात रस्त्यावरचं दुकान आणि आसगावला आजोबांचं कौलारू घर. एवढं ऐकलं की लोकांना वाटतं, हा पात्रांव (मालक) बाल्कांवात (ओसरीवर) बसून नुसतं भाडं मोजत असणार. मी मोजतो ते नळाचे वायसर. पहिल्या पावसाला भाडेकरूंना माझी जी आठवण येते, ती भाड्याच्या तारखेला कधी येत नाही.

शेवटी माणूस ठेवायचं ठरलं. त्यानं भाडं गोळा करायचं, प्लंबरला शोधून आणायचं, भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायची, अकरा महिन्यांचे करार संपले की नवे करायचे. (करार वर्षावर गेला की नोंदणी आली, म्हणून सगळा देश अकरा महिन्यांतच राहतो.) शिवाय आसगावला परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची.

पहिला उमेदवार नात्यातला. "घरचाच मुलगा, पगाराचं काय बोलायचं?" असं मावशी म्हणाली. मुलगाही पगाराचं बोलला नाही. त्यानं थेट पर्वरीच्या फ्लॅटची किल्ली मागितली, लग्न ठरेपर्यंत राहायला.

दुसरा लॅपटॉप घेऊन आला. "पोर्टफोलिओ किती युनिटांचा, सर?" आजोबांचं घर युनिट झालं तेही मी सोसलं. मग विचारलं, मे महिन्यात कौलं परतून कोण घेणार? त्यानं गंभीरपणे टिपून घेतलं: 'रूफ ऑडिट'.

तिसरा मात्र हिरा. वयानं पोक्त, बोलणं कमी, हातात पान्हा. आल्या आल्या आमच्याच स्वयंपाकघरातला गळका नळ बंद करून तो खुर्चीवर टेकला. पगार विचारला तर संकोचला. "पात्रांव, आसगांवच्या घराफाटल्यान ती कूड (खोली) आसा न्हय? हांव थंयच रावतां. पगार नाका."

बायकोच्या हातातला चहा बशीत सांडला.

बाहेरच्यांना कळणार नाही, पण भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत, त्याच्या संमतीनं, भाडं न देता राहणारा माणूस म्हटलं की गोव्यात १९७५चा मुंडकार कायदाच दारात उभा राहिल्यासारखा वाटतो. मुंडकाराला हुसकता येत नाही, उलट राहतं घर विकत घ्यायचा हक्क त्याला आहे. आमच्या पणजोबांच्या भाटातले मुंडकार असेच घरमालक झाले. ते न्याय्यच झालं, असं मी काका जेवायला नसतील तेव्हा ठामपणे म्हणतो.

वकिलाला फोन केला. तो म्हणाला, पगारी राखणदार मुंडकारात मोडत नाही. पगार द्या, सही घ्या, पावत्या जपा.

मग आमच्या बैठकीत जी घासाघीस झाली तशी गोव्यात कुणी पाहिली नसेल. मी म्हणतोय, "दहा हजार घ्याच." तो म्हणतोय, "नाका, पात्रांव, खोली पुरो." मी बारावर गेलो. तो लाजला. मी पंधरावर गेलो, वर चतुर्थीला बोनस. शेवटी माझ्यावर उपकार केल्यासारखी त्यानं मान हलवली.

माणूस उत्तम निघाला. भाडी अजूनही महिनाभर रेंगाळत येतात, पण एक तारखेला सकाळी सातला पावतीबुक घेऊन आसगावला मी हजर. परवा ताप होता, तरी गेलो. त्यानं सावकाश चष्मा लावला, सही केली आणि नोटा खिशात ठेवत मायेनं म्हणाला, "पात्रांव, एक म्हयनो चुकलो म्हूण कितें जातलें?"