मार्गारेट बोफर्टला नुसती कारस्थानी राजमाता ठरवणे अन्यायाचे आहे

इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याविषयी आपल्याकडे जे काही वाचले जाते ते बहुधा आठव्या हेन्रीच्या सहा राण्या आणि पहिली एलिझाबेथ यांच्यापाशीच घोटाळते. ज्या बाईपासून हे घराणे सुरू झाले ती मार्गारेट बोफर्ट, म्हणजे सातव्या हेन्रीची आई, त्यात आलीच तर जपमाळ ओढणारी आणि मुलाला गादीवर बसवण्यासाठी कुणाचाही काटा काढणारी कारस्थानी म्हातारी म्हणून येते. लंडनच्या टॉवर किल्ल्यातून नाहीशा झालेल्या, चौथ्या एडवर्ड राजाच्या दोन मुलांच्या खुनाचा आळही तिच्यावर घेतला जातो. त्याला तत्कालीन पुरावा नाही. मला हे चित्र मनापासून खटकते, कारण त्यात तिच्या आयुष्याची पहिली चौदा वर्षे पूर्णपणे गाळली जातात.

मार्गारेटचा जन्म १४४३ चा. ती वर्षाची होण्याआधीच तिचे वडील, सॉमरसेटचे ड्यूक, वारले आणि त्यांच्या मोठ्या मालमत्तेची वारस म्हणून ही तान्ही मुलगी तेवढी उरली. सरंजामी कायद्याप्रमाणे अशा अल्पवयीन वारसाचे पालकत्व राजाकडे जाई आणि राजा ते मर्जीतल्या सरदाराला बहाल करी किंवा विकत असे. ज्याला ते मिळे त्याला जमिनींचे उत्पन्न खाता येई आणि त्या मुलीचे लग्न कुणाशी लावायचे हेही तोच ठरवी. मार्गारेट वाढली आईजवळ, पण तिच्या लग्नाचा अधिकार आईकडे नव्हता. सफोकच्या ड्यूकने तिचे पालकत्व मिळवले आणि ती सहा वर्षांची असताना तिचे लग्न आपल्या मुलाशी ठरवून टाकले. १४५३ मध्ये तो संबंध मोडण्यात आला आणि तेव्हाचा राजा सहावा हेन्री याने तिचे पालकत्व आपल्या सावत्र भावांना, एडमंड आणि जॅस्पर ट्यूडर यांना दिले. दोन वर्षांनी एडमंडशी तिचे लग्न झाले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तो पंचविशीच्या आसपास होता.

चर्चच्या नियमाप्रमाणे मुलीला बाराव्या वर्षी लग्न करता येत असे, पण इतक्या लहान मुलीशी लगेच शरीरसंबंध ठेवू नये, थोडे थांबावे, अशी उमराव घराण्यांतही सर्वसाधारण रीत होती. एडमंड थांबला नाही, आणि यामागे कायद्यातली एक तरतूद असावी असे मानले जाते: पत्नीला जिवंत मूल झाले की तिच्या जमिनींवर नवऱ्याचा हयातभर हक्क लागू होई, मग ती स्वतः बाळंतपणात दगावली तरी. प्रत्यक्षात आधी मेला तो एडमंड. नोव्हेंबर १४५६ मध्ये कार्मार्थनला प्लेगने त्याचा अंत झाला, तेव्हा मार्गारेटला सातवा महिना लागण्याच्या बेतात होता. २८ जानेवारी १४५७ रोजी, ऐन हिवाळ्यात, वेल्समधल्या पेम्ब्रोकच्या किल्ल्यात, दिराच्या आश्रयाला आलेली ही तेरा वर्षांची विधवा बाळंत झाली. माय-लेकरू वाचले, पण पुढे दोन लग्ने होऊनही तिला दुसरे मूल झाले नाही. त्या एकुलत्या मुलाचे, म्हणजे पुढच्या सातव्या हेन्रीचे, पालकत्वही १४६२ मध्ये यॉर्क घराण्यातला नवा राजा चौथा एडवर्ड याने विल्यम हर्बर्टला एक हजार पौंडांना विकले. मुलगा जेमतेम पाच वर्षांचा होता, आणि खरेदी करणारा हर्बर्ट लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांच्या गादीसाठीच्या संघर्षात त्याच्या बापाच्या विरुद्ध बाजूने लढलेला होता.

पुढची राजकीय हकिकत अनेकांना माहीत असते. मुलाचा चौदा वर्षांचा परागंदा काळ, राजा तिसऱ्या रिचर्डविरुद्धचा १४८३ चा फसलेला उठाव, रिचर्डने तिची मालमत्ता काढून नवऱ्याच्या हवाली करणे, आणि २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत हेन्रीचा रिचर्डवर विजय.

मला महत्त्वाचा वाटतो तो १४९८ मधला प्रसंग. सातवा हेन्री आपली थोरली मुलगी, आजीचेच नाव ठेवलेली मार्गारेट, स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सला देण्याच्या विचारात होता. मुलगी नऊ वर्षांचीही नव्हती आणि जेम्स पंचवीस वर्षांचा होता. स्पॅनिश राजदूत पेद्रो द आयाला याने आपल्या राजा-राणीला पाठवलेल्या पत्रात हेन्रीचे म्हणणे नोंदवले आहे: राणी आणि माझी आई दोघींचाही या लग्नाला फार विरोध आहे, स्कॉटलंडचा राजा थांबणार नाही, मुलीला इजा करील आणि तिच्या प्रकृतीला धोका होईल, अशी त्यांना भीती वाटते. स्वतःच्या बाळंतपणाविषयी मार्गारेटची तक्रार कुठे नोंदलेली मला आढळलेली नाही, पण या विरोधात मला ती स्वच्छ ऐकू येते. लग्न तिला टाळता आले नाही, मात्र पाच वर्षे लांबले, आणि नातीला पहिले मूल झाले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. जिला नुसती सत्तापिपासू म्हटले जाते तिने घराण्याच्या सोयीच्या सोयरिकीला विरोध केला, आणि तोही अशा मुद्द्यावर जो मांडण्याचा अधिकार दरबारात तिच्याइतका कुणालाच नव्हता, ही गोष्ट तिच्या चरित्रात ठळकपणे यायला हवी.

मुलगा राजा झाल्यावर १४८५ च्या पार्लमेंटने तिला नवरा हयात असतानाही मालमत्तेच्या बाबतीत स्वतंत्र व्यक्ती ठरवले. जमीन घेणे, विकणे, दावा लावणे, सारे तिच्या एकटीच्या नावाने होऊ लागले, आणि केंब्रिजच्या क्राइस्ट्स व सेंट जॉन्स या दोन कॉलेजांना लागलेला पैसा याच मालमत्तेतून आला. लहानपणी आपल्याला लॅटिन नीट शिकता आले नाही याची खंत ती वारंवार बोलून दाखवी, असे तिचे धर्मगुरू जॉन फिशर यांनी सांगून ठेवले आहे. ही कायदेशीर मुभा मात्र राजाची आई म्हणून तिच्यापुरती होती. इंग्लंडमधल्या सर्वसामान्य विवाहित स्त्रियांना स्वतःची मालमत्ता स्वतंत्रपणे बाळगण्याचा आणि विकण्याचा पूर्ण हक्क कायद्याने मिळायला १८८२ साल उजाडावे लागले.