स्कीमा दाखवला म्हणजे सगळं सांगून झालं?

डेटाबेसवर क्वेरी चालवणारं टूल एआय एजंटच्या (टूलं वापरून स्वतः काम करणाऱ्या मॉडेलच्या) हाती देताना डॉक्युमेंटेशन लिहीत बसू नका, असं म्हणणं सध्या फार फिरतंय. एजंटला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येतं, स्कीमा, म्हणजे टेबलं आणि कॉलमांचा आराखडा, तो स्वतः वाचतो, चुकला तर एरर बघून सुधारतो, लांबलचक वर्णनाने उगाच कॉन्टेक्स्ट (मॉडेल एका वेळी वाचू शकतं तेवढी जागा) भरतो, आणि सुरक्षेसाठी ‘फक्त वाचण्यासाठी’ एवढी एक ओळ पुरते. सोबतच्या डेमोत ग्राहक, ऑर्डर, उत्पादनं अशी तीन नेटकी टेबलं असतात आणि पहिल्याच फटक्यात बरोबर उत्तर येतं. असं टूल मी रोज सांभाळते, आणि मला हे म्हणणं धोक्याचं वाटतं.

‘स्कीमा सगळं सांगतो.’ स्कीमा एवढंच सांगतो की ‘स्टेटस’ हा पूर्णांकाचा कॉलम आहे. 4 म्हणजे रद्द की पूर्ण, हे त्यात नसतं. कालावधी सेकंदांत आहे की मिलिसेकंदांत, ‘डिलीटेड_अ‍ॅट’ भरलेली रेकॉर्ड धरायची की वगळायची, ‘यूजर्स’ आणि ‘यूजर्स_व्ही2’ यांतलं चालू टेबल कोणतं, हे टीममधल्या दोन-तीन जणांच्या डोक्यात असतं. नवा माणूस शेजारच्याला विचारतो. एजंट बहुतेक वेळा नावावरून अंदाज बांधून पुढे जातो, आणि उद्याच्या सत्रात तोच अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधतो.

2023 साली आलेल्या ‘बर्ड’ या चाचणीसंचात 95 डेटाबेस आणि 12,751 प्रश्न आहेत, तेही खऱ्या कामात भेटतो तशा अस्ताव्यस्त डेटावरचे. प्रश्नाला लागणारा खुलासा, म्हणजे अमुक कोडचा अर्थ काय, तमुक संज्ञा कशी मोजायची, हे सोबत दिलं तेव्हा त्या मूळ चाचणीत जीपीटी-4 ची अचूकता सुमारे 55 टक्के होती. खुलासा काढून घेतला तेव्हा ती सुमारे 35 वर आली. मॉडेल तेच, स्कीमा तोच. आजची मॉडेलं बरीच पुढे गेली आहेत, पण तुमच्या टेबलातला 4 त्यांनाही कुणीतरी सांगावाच लागतो.

‘चुकला तर एरर येते, मग तो सुधारतो.’ एरर आली तर सुधारतो, हे खरं. कॉलमचं नाव चुकलं तर पोस्टग्रेससारखा डेटाबेस बरेचदा जवळचं नाव सुचवतो आणि एजंट ते लगेच उचलतो. पण सगळ्यात महागात पडणाऱ्या चुकांना एरर येतच नाही.

आमच्या टूलला एका वेळी 100 ओळींची मर्यादा होती, आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती. कुणीतरी विचारलं, ‘किती तक्रारी अजून उघड्या आहेत?’ एजंटने यादी मागवली, टूलने निमूटपणे पहिल्या 100 ओळी दिल्या, एजंटने त्या मोजल्या आणि ‘100’ असं उत्तर दिलं. तो आकडा थेट अहवालात गेला. इतका गोल आकडा कसा, अशी शंका एका सहकाऱ्याला आली म्हणून ते सापडलं. मर्यादा 137 असती तर आम्ही आजही त्याच आकड्यावर माणसं नेमत असतो.

तारखांचंही तेच. ‘बिटवीन’ लावून 1 मार्च ते 31 मार्च मागितलं आणि कॉलममध्ये वेळही साठवलेली असेल, तर 31 मार्च म्हणजे त्या दिवसाची सुरुवात, रात्रीचे बारा. शेवटचा अख्खा दिवस गळतो आणि उरलेलं उत्तर अगदी खरं वाटतं. ‘या यादीत नसलेले’ शोधणाऱ्या ‘नॉट इन’च्या आतल्या यादीत एक जरी नल, म्हणजे रिकामी नोंद, आला तरी एकही ओळ हाती येत नाही, आणि एजंट आत्मविश्वासाने कळवतो की असा एकही ग्राहक नाही. म्हणून कोणत्या कॉलममध्ये वेळ आहे, ती कोणत्या टाइमझोनची, आणि नल कुठे येतो, हे टूलच्या वर्णनात हवं. मर्यादेचं तर निकालातही हवं. आता आमचं टूल दरवेळी लिहितं: ‘100 ओळी दाखवल्या, आणखी आहेत, मोजायचं असेल तर काउंट वापरा.’

‘कॉन्टेक्स्ट भरतो.’ तीनशे टेबलांची माहिती एकदम ओतली तर भरेलच. तसं करायला कुणी सांगितलं? मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एजंटला टूलं जोडायच्या ठरलेल्या पद्धतीत, प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा असतो. वर्णनात कोणता डेटाबेस, एसक्यूएलची कोणती बोली, मर्यादा आणि एक-दोन नमुना क्वेरी एवढंच ठेवा. टेबलांचे बारकावे मागितल्यावर देणारं दुसरं टूल करा. चुकीच्या क्वेरीच्या चार फेऱ्या याहून जास्त टोकन (कॉन्टेक्स्ट मोजायचे मजकुराचे तुकडे) खातात.

‘फक्त वाचण्यासाठी, एवढं लिहिलं की झालं.’ इथे मात्र मी उलट बाजूने भांडते, कारण लिहिलेली ओळ कुणालाही अडवत नाही. त्याच प्रोटोकॉलमधली ‘रीड ओन्ली हिंट’ ही नावाप्रमाणे फक्त सूचना आहे. कुलूप डेटाबेसमध्येच लावायचं: टूलसाठी वेगळा रोल (डेटाबेसमधलं खातं), त्याला फक्त सिलेक्टची, म्हणजे वाचायची, परवानगी तीही हव्या त्या टेबलांवरच, आणि लांबलेली क्वेरी तोडणारा टाइमआउट. वर्णनात मग त्या कुलपाची माहिती द्यायची. पगाराचं टेबल बंद आहे हे आमच्या एजंटला कळत नव्हतं तोवर नकार आल्यावर तो व्ह्यू, बॅकअप टेबल, जॉइन असे वळसे घालून बघायचा. ‘हे टेबल या टूलला मुद्दाम बंद आहे, विचारणाऱ्याला तसं सांगा’ असं लिहिल्यापासून तो पहिल्याच नकाराला थांबतो आणि तसं सांगतो.