एका खोलीत कोंडून मांजरांची दोस्ती होत नाही

गेल्या आठवड्यात अशोक चौकातल्या आमच्या अक्कांचा फोन आला, आवाज अगदी रडवेला. "अगं राणी कपाटावरनं खालीच येईना, कालपासून काही खाल्लं नाही तिनं, नवीन पिल्लू आणलंय ना, त्या मेसेजमध्ये दिलंय तसंच केलं की मी सगळं." कुठला मेसेज म्हटल्यावर त्यांनी पाठवला आणि बघते तर तोच, मला आधीच तीन ग्रुपवर येऊन गेलेला. जुन्या मांजराला नवीन मांजराची सवय लावायचे उपाय म्हणे. दोघांना पहिल्याच रात्री एका खोलीत कोंडा, भांडून भांडून सकाळपर्यंत दोस्ती होते. दोघांच्या अंगाला एकच टाल्कम पावडर चोळा, वास एक होतो. एकाच ताटात जेवायला द्या. जुनं मांजर फिसकारलं की तोंडावर पाणी मारा. आणि तीन दिवसांत जमलं नाही तर नवीन मांजर मंडईत सोडून या, तिथं त्याचं पोट भरतं. खाली 'सर्वांना पाठवा'.

मला हे वाचून फार राग आला, कारण यातली पहिली चूक मी स्वतः केलीय आणि ती आमच्या चिंगीनं भोगलीय. म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितेय, जरा लांबेल, पण घरात मांजर असेल तर पूर्ण वाचा.

आधी ते कोंडणं. आपल्या घरातल्या मांजरांचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्यानं फिरणारं, एकट्यानं शिकार करणारं. एकदा भांडून कोण मोठं ते ठरवायचं आणि मग सुखानं एकत्र राहायचं, असं मांजरांमध्ये नसतं. जिथं खाणं भरपूर तिथं माद्या एकत्र राहतात खऱ्या, पण त्या बहुतेक नात्यातल्या, आई, बहिणी, लेकी, आणि बाहेरचं कुणी आलं तर त्यासुद्धा हाकलून लावतात. अनोळखी मांजर समोर आलं की मांजराकडं सगळ्यात भरवशाचा उपाय एकच असतो, लांब जाणं. दार लावून घेतलं की आपण नेमका तोच काढून घेतो. ६ वर्षांपूर्वी मी एक बोका आणला तेव्हा मलाही कुणीतरी हेच सांगितलेलं. रात्री दोन वाजेपर्यंत ओरडणं चालू होतं, मग एकदम गप झालं, मला वाटलं चला, जमलं. सकाळी दार उघडलं तर बोका कपाटामागं अडकून बसलेला आणि चिंगी पलंगाखाली भिंतीला चिकटलेली, डोळे एवढे मोठे, नाकावर ओरखडा, गादीवर मुतलेलं. त्यानंतर जवळजवळ चार महिने बोक्याचा नुसता आवाज आला तरी ती पलंगाखाली पळायची. ती रात्र मी तिला दिली नसती तर ते चार महिने तिला काढावे लागले नसते, हे मला अजून लागतं.

आता वासाचं, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि मेसेजवाल्यानं त्याचीच वाट लावलीय. वास महत्त्वाचा असतो एवढं त्याचं बरोबर आहे. मांजराच्या गालाला, हनुवटीला, पंजाला, शेपटीच्या बुडाशी वासाच्या ग्रंथी असतात, ते दाराच्या चौकटीला, आपल्या पायाला गाल घासतं ना, ते आपला वास लावत असतं, आणि तो वास आला की घर आपलं आहे म्हणून ते निवांत राहतं. मग त्या मांजराला पावडर फासून तुम्ही काय करताय? त्याचा स्वतःचाच वास झाकताय. वर ते बिचारं ती पावडर चाटून चाटून पोटात घेणार, नाकातोंडात जाणार ती वेगळीच.

वासाची ओळख करून द्यायची ती अशी. नवीन मांजर वेगळ्या खोलीत, त्याचं खाणं, पाणी, वाळूचा ट्रे सगळं तिथंच. आमच्याकडं सोलापुरी टॉवेल घराघरात पडलेले असतात, जुना धुतलेला एक घ्या, दोन तुकडे करा. एक नवीन पिल्लाच्या गालाला हळूच घासा आणि जुन्या मांजराच्या जेवायच्या जागेपासून थोडा लांब ठेवा, दुसरा जुन्याच्या गालाचा घेऊन पिल्लाकडं. नाकाजवळ नेऊन धरायचा नाही, नुसता ठेवून द्यायचा. दुसऱ्या वेळी आमची बुंदी आली तेव्हा मी असंच केलं. पहिल्या दिवशी चिंगीनं मान लांब करून वास घेतला, तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर तशीच थांबली आणि फिसकारून निघून गेली. दुसऱ्या दिवशी नुसता वास घेतला. चौथ्या दिवशी त्या तुकड्याच्या कडेवर पाय पोटाखाली घेऊन बसलेली दिसली, तेव्हा मला कळलं की आता पुढची पायरी घ्यायला हरकत नाही.

पुढची पायरी म्हणजे बंद दाराच्या दोन बाजूंना दोन वाट्या, आधी लांब, मग रोज वीतभर जवळ. खाता खाता पलीकडचा वास येत राहतो आणि वास आला की चांगलं काहीतरी मिळतं असं डोक्यात बसतं. मग जाळीच्या दारातनं दिसू द्यायचं, मग समोरासमोर पाच-दहा मिनिटं, आपण तिथंच बसून, दोघांना पळायला वाट मोकळी ठेवून. वेळ किती लागेल ते जुनं मांजर ठरवणार. चिंगीला १९ दिवस लागले, काहींचं आठवड्यात होतं, काहींना महिने जातात. आणि गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत किंवा दिवाळीत हे सुरूच करू नका, फटाक्यांनी ती आधीच घाबरलेली असतात. उन्हाळ्यात खोली बंद ठेवताना पंखा चालू आणि पाणी भरपूर, आपलं ऊन माहीत आहे. पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या बॅरलवर झाकण, हेही विसरू नका, घाबरलेलं पिल्लू कुठंही उडी मारतं.

वेगळ्या खोलीचं आणखी एक कारण आहे, त्याचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. रस्त्यावरनं आणलेल्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया असू शकतो, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, लस न घेतलेली पिल्लं त्यात दोन-चार दिवसांत जातात आणि तो विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा, जुन्याची लस झालीय का बघा आणि असं पिल्लू निदान दोन आठवडे वेगळं ठेवा. आणि ती खोली फिनेलनं पुसू नका, पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं त्यातलं काहीच नको, पंजाला लागून चाटलं तर मांजराला विषबाधा होते.

एकाच ताटात जेवण, याचं उत्तर सोपं आहे, मांजर एकटं खाणारं जनावर आहे, ताट एक केलं की एक खातं आणि दुसरं उपाशी राहतं. वाट्या वेगळ्या, लांब, एकमेकांकडं बघत खावं लागणार नाही अशा. वाळूचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघांना तीन, आणि सगळे एका कोपऱ्यात नकोत. शिवाय त्या जेवणात शेंगा चटणीचा हात लागलेली भाकरी नको, लसूण-कांदा मांजराच्या रक्ताला घातक आहे.

फिसकारल्यावर पाणी मारायचं, हे वाचून तर मला अक्कांच्या राणीचाच चेहरा दिसला. फिसकारणं म्हणजे हल्ला नव्हे. 'लांब राहा' एवढंच ती सांगत असते, मारामारी होऊ नये म्हणून सांगत असते. त्यावर पाणी मारलं की तिला काय कळतं? हे नवीन आलं की माझ्या अंगावर पाणी पडतं. झालं, नवीन मांजर आणखी वाईट ठरलं आणि तुमचीही भीती बसली. फिसकारू द्या, तुम्ही अंतर वाढवा. काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टींची: एकटक रोखून बघणं, दबा धरून दुसऱ्याच्या मागं लागणं, दारात आडवं बसून दुसऱ्याला ट्रेपर्यंत जाऊ न देणं. यात आवाज नसतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं शांत आहे. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, पुठ्ठा किंवा उशी घाला. चावलंच तर साबणानं १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच दवाखान्यात जा, रेबीजची लस हा चेष्टेचा विषय नाही. आणि दिवसभर काही खाल्लं नाही किंवा बोका ट्रेमध्ये जोर करतोय पण लघवी होत नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका, लघवी अडकलेला बोका दोन दिवसांत जाऊ शकतो.

राहिलं मंडईत सोडणं. घरात वाढलेल्या पिल्लाचं तिथं पोट भरत नाही, तिथं कुत्री आहेत, गाड्या आहेत, आधीची मांजरं आहेत जी त्याला हाकलणार. उपाशी-तहानेलं राहील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणं गुन्हा आहे, कलम ११. तीन दिवसांत तर मांजराला खोलीचे कोपरेसुद्धा कळत नाहीत. खरंच नाही जमलं तर घर शोधा, विचारा, थांबा, पण त्याला आणलंय आपण, त्यानं आपल्याला बोलावलं नव्हतं.

अक्कांना मी फोनवर एवढंच सांगितलं की पिल्लू आधी मागच्या खोलीत न्या, राणीचं खाणं कपाटावरच ठेवा, तिला खाली ओढू नका आणि रात्रीपर्यंत खाल्लं नाही तर सकाळी डॉक्टर. रात्री साडेदहाला तिनं अर्धी वाटी खाल्ली. काल त्यांनी व्हिडिओ पाठवलाय, मागच्या खोलीचं दार लावलेलं, अलीकडं चार हातांवर राणीची वाटी, पलीकडनं पिल्लाचा बारीक आवाज. राणी खाता खाता थांबते, कान दाराकडं वळवते आणि परत वाटीत तोंड घालते.